एका चुकीचे दोन धनी

परीक्षा संपून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून झाले, म्हणजे आमच्यासारख्या प्राध्यापकाचें वर्षाचें काम संपलें असा घरच्या मंडळींचा समज असतो. वस्तुतः त्यानंतर एक काम उरतें, आणि त्याविषयीं आम्ही घरीं सहसा बोलत नाहीं. परीक्षेंत गैरप्रकार केल्याचा ज्यांच्यावर आरोप आहे अशा विद्यार्थ्यांना बोलावून घ्यावयाचें, त्यांचें म्हणणें ऐकावयाचें आणि त्यांच्या शिक्षेची शिफारस करावयाची, हें तें काम होय. आजवरच्या नोकरींत असल्या चौकशी-समित्यांवर आम्ही अनेकदां बसलों. त्यांपैकीं एका बैठकीचा सल मनांत राहून गेला आहे. तो आज वाचकांपुढें मांडावा असें वाटतें. कारण ज्या घरांत कॉलेजांत जाणारें मूल आहे, त्या घराला हा विषय परका नाहीं.

बाहेरच्या माणसाला या कामाची कल्पना नसते, म्हणून प्रथम तें थोडें समजावून सांगितलें पाहिजे. वर्गांत पर्यवेक्षकाला एखाद्या मुलापाशीं चिठ्ठी सांपडली, तर ती चिठ्ठी व उत्तरपत्रिका जप्त होते, मुलाकडून लेखी जबाब घेतला जातो, त्याला नवी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहूं दिला जातो, आणि सर्व कागद मोहोरबंद होऊन विद्यापीठाकडे जातात. हा झाला एक प्रकार. दुसरा प्रकार अधिक नाजूक असतो. त्यांत वर्गांत कोणालाच कांहीं दिसलेलें नसतें. पुढें तपासतांना परीक्षकाला दोन उत्तरपत्रिका विलक्षण सारख्या वाटतात आणि तो तसा शेरा लिहून पाठवितो. दोन्ही प्रकारांत कांहीं आठवड्यांनीं विद्यार्थ्याच्या घरीं पत्र जातें. नेमलेल्या दिवशीं तो येऊन व्हरांड्यांतील बांकावर बसतो. सोबत बहुधा आई किंवा वडील असतात. आंत टेबलाभोंवतीं आम्ही चार-पांच जण. एकेकाच्या वांट्यास फार तर दहा मिनिटें येतात. त्या दहा मिनिटांत ठरतें तें एवढेंच, कीं या पेपराचे गुण रद्द करावे, कीं सगळ्या परीक्षेचे, कीं पुढच्या परीक्षेसही बसूं देऊं नये.

सुमारे वीस वर्षांपूर्वीं अशा एका बैठकींत आमच्यापुढें इंग्रजी वाङ्मयाच्या पेपरांतील दोन उत्तरपत्रिका आल्या. दोघी मुली एका तालुक्याच्या गांवच्या कॉलेजांतल्या, बैठक क्रमांक लागोपाठचे. वर्डस्वर्थ आणि कोलरिज यांचा ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह १७९८ सालीं निघाला. दोघींनींही तो १७८९ सालीं निघाला असें लिहिलें होतें. आंकडे मागेंपुढें होणें ही कांहीं मोठी गोष्ट नव्हे. परंतु त्या चुकीवर एक इमलाही उभारलेला होता. फ्रान्सची राज्यक्रांति आणि ही नवी कविता या एकाच वर्षीं जन्मलेल्या जुळ्या बहिणी होत, अशा अर्थाचें एक अलंकारिक वाक्य दोघींच्याही उत्तरांत शब्दशः एकच होतें. परीक्षकांनीं दोन्ही वाक्यांखालीं तांबड्या शाईनें रेघा ओढल्या होत्या.

समितीला हा पुरावा बिनतोड वाटला, आणि आमचें मतही तेंच पडलें. बरोबर उत्तर दोघांचें सारखें असूं शकतें, कारण बरोबर उत्तर एकच असतें. पण चुकण्याच्या वाटा हजार असतात. दोघी जर नेमक्या एकाच आडवाटेनें गेल्या असतील, तर एकीनें दुसरीचा माग काढला असलाच पाहिजे, असा आमचा तर्क होता. पहिली मुलगी आंत आली. ती जेमतेम ऐकूं येईल अशा आवाजांत म्हणाली, “सर, आम्ही दोघींनीं एकाच नोट्स पाठ केल्या होत्या.” आमच्यापैकीं एक जण हंसले. आम्हीही हंसलों असूं. हें उत्तर आम्हांस नवें नव्हतें. पकडला गेलेला प्रत्येक जण तेंच सांगतो. दुसरी मुलगी कांहींच बोलली नाहीं. तिनें एक कागद पुढें केला. बाहेर बसलेल्या तिच्या वडिलांनीं, साहेबांची माफी मागून मोकळी हो, असें सांगून तो तिच्याकडून लिहवून घेतला होता. ‘माझी चूक झाली असल्यास क्षमा करावी’ एवढेंच त्यांत होतें. तो कागद आम्हीं कबुलीजबाब म्हणून फाइलींत लावला.

त्या नोट्स कोणाच्या, कोणी सांगितल्या, ती वही कोठें आहे, उद्यां आणून दाखवशील का, यांपैकीं एकही प्रश्न कोणीं विचारला नाहीं. जेवणाची वेळ झाली होती आणि बाहेर आणखी अकरा जण बसले होते. दोघींची सगळी परीक्षा रद्द करून पुढच्या परीक्षेसही त्यांना बसूं देऊं नये, अशी शिफारस लिहिली गेली. तिच्याखालीं आमची सही आहे.

पुढच्या वर्षीं तपासणीसाठीं आलेल्या गठ्ठ्यांत तेंच वाक्य आम्हांस पुन्हां भेटलें. १७८९ हें साल, फ्रान्सची राज्यक्रांति, जुळ्या बहिणी, सर्व कांहीं तसेंच. एका उत्तरपत्रिकेंत नव्हे, पांचांत. आणि त्या पांचांचे बैठक क्रमांक एकमेकांपासून दूरदूरचे. हातांतली लेखणी आम्हीं खालीं ठेवली. त्या भागांतल्या एका स्नेह्यांकडे चौकशी केल्यावर आठ दिवसांनीं एक झेरॉक्स प्रत आमच्या हातीं आली. त्या कॉलेजांतील एका अध्यापकांनीं पूर्वीं केव्हां तरी वर्गांत सांगितलेल्या त्या नोट्स होत्या. एका वर्षाच्या मुलांकडून दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे, प्रतीवरून प्रत काढीत त्या चालत आल्या होत्या. सातव्या पानावर तें वाक्य होतें. अध्यापकांची आठवण चुकली कीं लिहून घेणाऱ्याचा कान, हें आतां कोण सांगणार? त्यांचा आम्हांस राग आला नाहीं. वाक्य दिसावयास छान होतें, आणि त्या काळीं आम्हीही वर्गांत नोट्सच सांगत होतों.

आम्हीं विद्यापीठाच्या परीक्षा-विभागास पत्र लिहिलें, सोबत तें पान जोडलें. उत्तर आलें कीं, संबंधित विद्यार्थिनींनीं मुदतींत अपील केलें नसल्यानें प्रकरण बंद झालें आहे. त्यांपैकीं एक मुलगी शिक्षेची मुदत संपल्यावर परीक्षेस बसून उत्तीर्ण झाल्याचें पुढें कळलें. दुसरीचें नांव निकालाच्या कोणत्याही यादींत आम्हांस पुन्हां दिसलें नाहीं. माफीचा कागद देणारी ती हीच. तिचें पुढें काय झालें हें शोधून काढणें आम्हांस अशक्य नव्हतें. आम्हीं तें केलें नाहीं. तिच्यापुढें उभें राहून काय सांगावयाचें हें सुचलें नाहीं, हेंच त्याचें खरें कारण.

जें आधीं वाचावयास हवें होतें तें आम्हीं यानंतर वाचलें. परीक्षेंतील गैरप्रकारांविषयीं सर्वोच्च न्यायालयाचे दोन महत्त्वाचे निकाल १९६२ या एकाच वर्षांतले आहेत, आणि दोन्हीही उत्तर प्रदेशच्या परीक्षा-मंडळाच्या प्रकरणांतले आहेत. पहिला फेब्रुवारींतला. इंटरमीजिएटची १९५४ सालची परीक्षा दुसऱ्या वर्गांत उत्तीर्ण झालेल्या तीन विद्यार्थ्यांचे निकाल मंडळानें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रद्द केले आणि त्यांना १९५५ च्या परीक्षेसही मनाई केली. त्यांना तत्पूर्वीं कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. कायद्यांत चौकशीची रीत सांगितलेली नाहीं, ही मंडळाची बाजू न्यायालयानें मान्य केली नाहीं. ज्या निर्णयानें विद्यार्थ्याच्या सगळ्या आयुष्यावर परिणाम व्हावयाचा, तो घेणाऱ्यानें न्यायाधीशाच्या वृत्तीनें वागलें पाहिजे आणि विद्यार्थ्याला आपली बाजू मांडूं दिली पाहिजे, असें त्या निकालाचें तात्पर्य आहे.

दुसरा निकाल ऑगस्टांतला, न्यायमूर्ति प्र. बा. गजेंद्रगडकर यांनीं दिलेला. हेच गजेंद्रगडकर पुढें सरन्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. या प्रकरणांत १९६० च्या परीक्षेला लागोपाठच्या क्रमांकांवर बसलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरांतल्या चुका तंतोतंत जुळल्या होत्या. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार अशा बाबतींत क्वचितच मिळतो, परिस्थितीवरून व संभवावरून निष्कर्ष काढावा लागतो, आणि मंडळानें नीट चौकशी केली असेल तर न्यायालयांनीं सहसा मध्यें पडूं नये, असें त्यांनीं सांगितलें. आमच्या त्या बैठकींतही एका सभासदांनीं याच निकालाचा दाखला दिला होता. तो वाचून पाहतां आमच्या ध्यानांत आलें कीं, आम्हीं त्यांतला सोयीचा भाग तेवढा उचलला होता. जुळत्या चुका हा पुरावा खराच. पण तो विद्यार्थ्यापुढें ठेवावयाचा असतो आणि त्याचें उत्तर तपासावयाचें असतें. आमच्यापुढल्या मुलीनें तर उत्तर दिलेंही होतें. तें खोटें ठरविण्यापूर्वीं एक वही मागवावी लागली असती, इतकेंच.

पुढें १९७० सालीं बिहारमधील एका केंद्राच्या प्रकरणांत न्यायमूर्ति हिदायतुल्ला यांनीं आणखी एक भेद दाखवून दिला. तेथें केंद्रावरच्या सर्व ३६ उमेदवारांची परीक्षा रद्द झाली होती. एकट्या-दुकट्यावर ठपका न ठेवतां सगळी परीक्षाच अविश्वसनीय ठरवून ती पुन्हां घ्यावयाची असेल, तर प्रत्येकाची वेगळी सुनावणी आवश्यक नाहीं, असा तो निकाल आहे. याचा अर्थ असा कीं, परीक्षा रद्द करणें वेगळें आणि एखाद्या मुलाला लबाड म्हणणें वेगळें. पहिल्यांत कागद बाद होतो, दुसऱ्यांत माणूस. माणूस बाद करावयाचा तर त्याचें ऐकल्यावांचून गत्यंतर नाहीं.

अलीकडे या कामांत यंत्रें आलीं आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानें वाङ्मयचौर्याविषयीं २०१८ सालीं नियम केले. प्रबंधांतील मजकूर इतरत्र सांपडणाऱ्या मजकुराशीं शेंकडा १० पर्यंत जुळला तर शिक्षा नाहीं. १० च्या वर ४० पर्यंत जुळला तर सहा महिन्यांच्या आंत सुधारून द्यावयाचा. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर एक वर्ष मनाई. आणि त्याहूनही अधिक असेल तर नोंदणीच रद्द. असें तें कोष्टक आहे. त्याच नियमांत विभागाची तीन सभासदांची समिती, तिच्यावर संस्थेची समिती, प्रत्येकीला ४५ दिवसांची मुदत, आणि नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांनुसार निर्णय, हेंही सांगितलें आहे. परंतु आमचा अनुभव असा कीं, टेबलावर आंकडा आला म्हणजे बाकीच्या कलमांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. यंत्र सांगतें तें साम्य, लबाडी नव्हे. अवतरणचिन्हें द्यावयास विसरलेला नवखा विद्यार्थी आणि दुसऱ्याचें प्रकरण उचलून स्वतःचें म्हणून देणारा भामटा, यांचा आंकडा एकच येऊं शकतो. उलट, शब्द फिरवून चोरी करणारा हुशार माणूस शेंकडा १० च्या आंत सुखानें राहतो.

नोव्हेंबर २०२२ मध्यें ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढें आलें, तेव्हांपासून तर संशयाला सीमाच राहिली नाहीं. मजकूर माणसानें लिहिला कीं यंत्रानें, हें ओळखणारीं दुसरीं यंत्रें निघालीं. ‘चॅटजीपीटी’ ज्या कंपनीचें, त्या ‘ओपनएआय’नें स्वतःच असें एक साधन २०२३ च्या आरंभीं काढलें आणि अचूकता कमी म्हणून जुलैंत मागें घेतलें. अमेरिकेंतील व्हँडरबिल्ट विद्यापीठानें त्याच वर्षीं ऑगस्टांत ‘टर्निटिन’चें असें साधन बंद केलें. त्यांचा हिशेब साधा होता. २०२२ सालीं त्यांनीं ‘टर्निटिन’कडे ७५,००० निबंध तपासण्यास दिले होते. चुकण्याचें प्रमाण कंपनी म्हणते तसें शेंकडा एक धरलें, तरी ७५० निबंधांवर खोटा ठपका बसला असता. आमच्या मुलांच्या दृष्टीनें याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं २०२३ मध्यें दाखविली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाहीं अशांनीं ‘टोफेल’ परीक्षेसाठीं स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांवर त्यांनीं सात साधनें चालवून पाहिलीं, तेव्हां त्या साधनांनीं सरासरीनें निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरविले. शब्द मोजके आणि वाक्यें सरळ असलीं म्हणजे या साधनांना तें लेखन यंत्राचें वाटतें. मराठी शाळेंत शिकून कॉलेजांत कष्टानें इंग्रजी लिहावयास शिकलेल्या मुलीचें इंग्रजी असेंच मोजकें आणि सरळ असतें. ती मुलगी व्हरांड्यांतल्या बांकावर पुन्हां येऊन बसणार आहे, आणि या खेपेस तिच्याविरुद्ध तांबडी रेघ नसून आंकडा असेल.

येथें कोणी म्हणेल कीं, प्राध्यापकमहाशय, आपण चोराची वकिली चालविली आहे. कॉपी होत नाहीं का? होते, आणि तिची झळ कोणाला लागते तेंही आम्ही जाणतों. रात्र रात्र जागून अभ्यास केलेल्या मुलाच्या पुढें चिठ्ठीवाला जातो, तेव्हां तो अन्याय निमूटपणें सोसणाराही आमचाच विद्यार्थी असतो. पुष्कळ पर्यवेक्षक चिठ्ठी दिसली तरी ती फाडून टाकतात आणि मुलाला तसेंच लिहूं देतात. कांहीं दयेनें, कांहीं दमदाटीच्या भयानें, कांहीं कॉलेजचा निकाल खालीं येईल म्हणून, आणि बरेचसे केवळ पुढची कागदपत्रें नकोत म्हणून. ही दया नव्हे. विचार करतां आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, चिठ्ठी फाडून टाकणारा तो पर्यवेक्षक आणि दहा मिनिटांत शिक्षा देणारे आम्ही, हे एकाच दोषाचे धनी आहोंत. एक सोडून देतो, दुसरा झोडून काढतो. चौकशी मात्र दोघेही टाळतात. शिक्षा आणि क्षमा या दोहोंचाही अधिकार ज्यानें शोध घेतला त्यालाच पोंचतो.

शोध म्हणजे कांहीं मोठें दिव्य नव्हे. आरोप काय तो विद्यार्थ्याला आधीं लेखी कळवावा. ज्या कागदांवरून आरोप केला ते त्याला पाहूं द्यावे आणि उत्तर तयार करण्यास आठ दिवस द्यावे. ज्यानें आरोप केला त्यानें न्याय करावयास बसूं नये. निबंधाविषयीं संशय असेल तर त्याला समोर बसवून त्याच निबंधावर चार प्रश्न विचारावे. स्वतः लिहिलेल्याला आपल्या वाक्याचा अर्थ सांगतां येतो, आणि कच्च्या खर्ड्याचे कागद त्याच्यापाशीं बहुधा असतात. माफीचा कागद हा कबुली समजूं नये. तो पुष्कळदां भीतीनें लिहिलेला असतो. निर्णय दिला तर त्याचीं कारणें लिहावीं, आणि अपील कोठें व किती दिवसांत करावयाचें हें त्याच कागदावर सांगावें. त्या दोघींना अपिलाची मुदत असते हें कोणीं सांगितलें होतें कीं नाहीं, हें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. आम्हीं तर सांगितलें नव्हतें.

घरच्या वडील मंडळींसही एक विनंति आहे. मुलावर असा प्रसंग आला तर त्याला प्रथम रागें भरूं नये, आणि माफी लिहून सुटका करून घे असेंही सांगूं नये. खरें काय झालें तें घरांत शांतपणें विचारावें. त्यानें केलें असेल तर तसें सांगण्याचें धैर्य द्यावें. केलें नसेल तर वही, नोट्स, खर्डे सगळें घेऊन जावयास सांगावें.

आणि आमच्या स्वतःच्या व्यवसायाचें काय? ज्या मुलींना आम्हीं पाठांतर शिकविलें, ज्यांच्यापुढें तेच ते प्रश्न वर्षानुवर्षें ठेवले, त्यांचीं उत्तरें सारखीं आलीं म्हणून आम्हीं त्यांना लबाड ठरविलें. ती चूक मुळांत शिक्षकाच्या तोंडून निघालेली; शिक्षा झाली ती ऐकणाऱ्यांना. त्या वर्षापासून वर्गांत नोट्स सांगणें आम्हीं सोडून दिलें. विद्यार्थी त्यामुळें फारसे प्रसन्न झाले असें म्हणवत नाहीं.

चौकशी-समितीवर बसण्याचा प्रसंग अजूनही येतो. समोर आलेल्या मुलाला आम्ही आतां पहिला प्रश्न, हें तूं कां केलेंस, असा विचारीत नाहीं. हें तूं कोठून शिकलास, असा विचारतों. कोणी नोट्सचें नांव काढलें तर त्या घेऊन येण्यास सांगतों आणि प्रकरण दुसऱ्या दिवसावर ठेवतों. पुष्कळदां त्या नोट्स येतच नाहींत, आणि मग जी शिक्षा द्यावयाची ती आम्ही देतों. कधीं कधीं येतात. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो, आणि सहकारी घड्याळाकडे पाहूं लागतात. जेवण थंड होतें, एवढेंच.